रिचार्ज महागला त्यामागची गोष्ट: नुसता नंबर चालू ठेवायला किती लागतात

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात रेट वाढवले तेव्हा इकडे पेरणीचे दिवस होते. बियाणं, खत, मजुरी यात घरातला रोख पैसा गेलेला असतो त्या महिन्यात. रोज दीड जीबीवालं २८ दिवसांचं पॅक २३९ चं २९९ झालं आणि यवतमाळ-वाशीमकडच्या आठवडी बाजारात काही दिवस हाच विषय. सगळे बोलत होते ते नेटच्या पॅकबद्दल. मला मात्र वाटतं की खेड्यातल्या माणसाला जी महागाई खरी चावली ती नुसता नंबर चालू ठेवायची, आणि ती सुरू झाली २०१८ च्या शेवटी.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगतो. १९९५ ला मोबाईल आला तेव्हा कॉलचा रेट मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे लागायचे, म्हणजे कास्तकाराचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. २००३ च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं आणि तिथून मोबाईल गावात शिरला. २००५-०६ मध्ये लाइफटाइम सिम आलं, हजाराच्या आसपास एकदा भरा आणि इनकमिंग कायमचं, पुढे तेच सिम शंभराच्या आतही मिळायला लागलं. २००९ ला सेकंदावर पैसे कापायची पद्धत आली, २०११ पासून नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. या सगळ्या काळात रेट खालीच येत गेले आणि गावात एक हिशेब पक्का बसला की पैसे लागतात ते फोन लावायला, आलेला उचलायला नाही. मिसकॉल द्यायचा, समोरचा पैसेवाला असला की तो फोन करेल. दहाचा छोटा रिचार्ज मारला की टॅक्स कापून साडेसातच्या आत टॉकटाइम यायचा आणि तेवढ्यावर बटणाचा फोन महिना दीड महिना चालायचा.

२०१६ च्या सप्टेंबरात नवी कंपनी आली आणि मार्च २०१७ पर्यंत जवळपास सगळं फुकट दिलं, हे कोणाला सांगायची गरज नाही. फुकटच्या मागे जे झालं ते जास्त महत्त्वाचं. त्याआधी दहा-बारा कंपन्या होत्या, दोन-तीन वर्षांत काही बंद पडल्या, काही विकल्या गेल्या, दोन मोठ्या कंपन्या २०१८ च्या ऑगस्टमध्ये एक झाल्या आणि शेवटी उरल्या तीन खासगी आणि एक सरकारी. त्या उरलेल्यांनी आपली ग्राहकांची यादी काढून बघितली तर त्यात कोट्यवधी सिम अशी होती जी महिन्याला दहा रुपयेही देत नव्हती, नुसती इनकमिंगसाठी ठेवलेली. दोन सिमच्या फोनमुळे तर असे नंबर आणखी वाढले होते, नेटला एक सिम आणि जुना नंबर दुसऱ्या खाचेत.

तर २०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरलेल्या तीन खासगींपैकी जुन्या दोघींनी ठरवलं की दर २८ दिवसांना कमीत कमी ३५ रुपयांचं पॅक मारलंच पाहिजे, नाही मारलं तर आधी आउटगोइंग बंद, मग काही दिवसांनी इनकमिंग बंद. खात्यात बॅलन्स किती आहे याला काही अर्थ उरला नाही. ज्यांनी हजार रुपये भरून लाइफटाइम घेतलं होतं तेही यात आले. लाइफटाइमचा अर्थ कंपनीचं लायसन असेपर्यंत, असं तेव्हा बारीक अक्षरात होतं, पण लायसन तर चालूच होतं आणि गावात ज्या माणसाने ते सिम घेतलं त्याला दुकानदाराने आयुष्यभर असंच सांगितलेलं.

तेव्हा रिचार्जच्या दुकानांत रोज हेच चालायचं. बटणाचा फोन पुढे करून म्हातारा माणूस विचारणार, "बॅलन्स तं हाये ना माह्या फोनात, मंग फोन काहून लागून नाही रायला?" आणि पोरगं सांगणार, "काकाजी, बॅलन्स हाये पण व्हॅलिडिटी नाही." साठ-सत्तर रुपये शिल्लक दिसतायत आणि फोन बंद, हे समजावून सांगणं कठीण होतं कारण त्यात समजण्यासारखं काही नव्हतंच. आपलेच पैसे कंपनीकडे जमा आणि ते वापरायला अजून पैसे भरायचे.

तक्रारी वाढल्या तेव्हा नोव्हेंबर २०१८ मध्ये नियामकाने, म्हणजे फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या ट्रायने, कंपन्यांना लिहिलं की खात्यात पुरेसा बॅलन्स असताना सेवा लगेच तोडू नका, पॅक कधी संपतंय आणि पर्याय काय आहेत ते ग्राहकाला मेसेजने कळवा, खात्यातल्या बॅलन्समधूनच ते कमीत कमी पॅक घेता आलं पाहिजे. ठीक. पण त्याच वेळी हेही स्पष्ट केलं की रेटमध्ये आम्ही पडणार नाही. आपल्याकडे नियम असा आहे की रेट कंपनीने ठरवायचा आणि लागू केल्यावर सात कामाच्या दिवसांत नियामकाला कळवायचा. कंपन्या भरपूर होत्या आणि एकमेकींचे ग्राहक ओढत होत्या तेव्हा ही पद्धत ग्राहकाच्या फायद्याची ठरली, हे मान्य करायला पाहिजे. पण ३५ रुपयांचा प्रश्न मला फक्त रेटचा वाटत नाही. आलेला कॉल घ्यायला पैसे लागणार नाहीत ही २००३ पासूनची गोष्ट होती, तिला मागच्या दाराने किंमत लागली, आणि नियामकाने त्याकडे रेट म्हणून बघितलं. त्या वेळी थांबवलं असतं तर पुढची शिडी चढलीच नसती.

शिडी अशी. एका मोठ्या कंपनीचं उदाहरण घेतो, बाकीच्या थोडं मागेपुढे. २०१८ ला ३५. डिसेंबर २०१९ ला ४५. जुलै २०२१ ला ७९. नोव्हेंबर २०२१ ला ९९. २०२२ च्या शेवटी दोन राज्यांत १५५ करून बघितलं, लोक फारसे हलले नाहीत, तर २०२३ मध्ये हळूहळू सगळीकडे १५५, आणि दिवसही २८ चे २४. जुलै २०२४ पासून १९९, दिवस परत २८. सहा वर्षांत साडेपाच पट. नेटचं तेच दीड जीबीवालं पॅक नव्या कंपनीकडे या काळात १४९, १९९, २३९, २९९ असं गेलं, म्हणजे दुप्पट. जो भरपूर वापरतो त्याचं दुप्पट झालं आणि जो फक्त फोन उचलतो त्याचं साडेपाच पट. १९९ मध्ये अनलिमिटेड कॉल आणि थोडं नेट मिळतं हे खरं, पण ज्या आजीला पोरीचा फोन फक्त रविवारी येतो तिला अनलिमिटेडचं काय करायचं.

कंपन्यांचीही बाजू आहे. २४ ऑक्टोबर २०१९ ला सगळ्यात मोठ्या कोर्टाने सरकारी थकबाकीच्या जुन्या भांडणात कंपन्यांच्या विरोधात निकाल दिला आणि बोजा लाख कोटींच्या पुढे गेला, सव्वा महिन्यात पहिली मोठी दरवाढ आली. स्पेक्ट्रमचा पैसा, नंतर फाइव्ह जीचे टॉवर, शिवाय रिचार्जवर १८ टक्के जीएसटी. खर्च आहेच. तो कोणाकडून किती वसूल करायचा हे मात्र कंपनीच ठरवते.

वाढ झाली की पोर्ट मारा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला, असं सगळे म्हणतात. तिन्ही कंपन्या एकाच आठवड्यात वाढवतात तर जायचं कुठं हा एक प्रश्न, आणि दुसरी गोष्ट २०२१ ची. पोर्टसाठी १९०० वर मेसेज पाठवावा लागतो, आणि स्वस्तातल्या पॅकमध्ये मेसेजची सोयच ठेवलेली नव्हती. कंपनी सोडायची तर आधी त्याच कंपनीचं महागडं पॅक मारा. डिसेंबर २०२१ मध्ये नियामकाने आदेश काढला की पॅक कोणतंही असो, १९०० चा मेसेज गेलाच पाहिजे. हे काम चांगलं झालं.

२८ दिवसांचंही तसंच. वर्षाला १२ ऐवजी १३ रिचार्ज. जानेवारी २०२२ मध्ये नियम आला की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचं आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला रिन्यू होणारं असं निदान एकेक पॅक ठेवायचं. ठेवलं त्यांनी, पण २८ वाले तसेच राहिले आणि दुकानात तेच पुढे केले जातात.

मग फोन बंदच का ठेवत नाही कोणी? आधी ठेवता यायचा. आता २०२१ पासून ई-पीक पाहणी फोनवर, पीएम किसानची केवायसी, लाडक्या बहिणीची केवायसी, बँकेचा ओटीपी, गॅसच्या टाकीचा नंबर, पीक विमा, कापूस विकायची नोंदणी, सगळं त्या एका नंबरला जोडलेलं. इनकमिंग बंद पडलं की मेसेजही बंद. आणि नंबर जास्त दिवस बंद राहिला तर दुसऱ्याला दिला जातो, मग बँक आणि आधारमध्ये नंबर बदलायला तालुक्याला चकरा आणि मजुरीचा खाडा. दोन हजारांच्या हप्त्याची केवायसी करायला आधी १९९ मारावे लागलेले लोक दर गावात आहेत.

जुलै २०२४ नंतर सरकारी कंपनीकडे लोंढा गेला, त्या एकाच महिन्यात देशभरात जवळपास २९ लाख ग्राहक वाढले. आमच्याकडेही बऱ्याच जणांनी सिम घेतलं. काहींचं चांगलं चाललं, काही गावांत लाइट गेली की टॉवर बंद, घराबाहेर उभं राहिल्याशिवाय आवाज नाही. मेळघाटात आणि गडचिरोलीच्या आतल्या भागात मात्र बऱ्याच ठिकाणी तोच टॉवर आहे, तिथं निवडीचा प्रश्न येत नाही. नंतरच्या महिन्यांत लाट ओसरली, बरेच परत आले किंवा दुसऱ्या खाचेत ते सिम ठेवून बसले.

२०२४ च्या डिसेंबरात नियामकाने सांगितलं की नेट न वापरणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि मेसेजचं वेगळं पॅक द्या, आणि ते ३६५ दिवसांपर्यंत चालेल असं ठेवता येईल. जानेवारी २०२५ मध्ये एका कंपनीने ५०९ च्या ८४ दिवसांच्या पॅकमधून ६ जीबी नेट काढलं आणि किंमत ठेवली ४९९. दहा रुपये कमी. नियामकाने तपासू म्हटल्यावर ते ४६९ झालं आणि वर्षाचं १८४९. दर २८ दिवसांना १९९ मारले तर वर्षाला २५८७ होतात, त्यापेक्षा १८४९ मध्ये सातशेच्या वर वाचतात, फक्त ते एकदम काढावे लागतात. कापसाचा चुकारा येतो डिसेंबर-जानेवारीत, ज्यांच्या घरी बटणाचे दोन-तीन फोन आहेत त्यांनी तेव्हाच वर्षाचं मारून घेतलेलं बरं. मजुरीवाल्याच्या हातात १८४९ एकदम कधीच येत नाहीत, तो १९९ च भरत राहतो, म्हणजे ज्याच्याकडे कमी त्याला दिवसाचा रेट जास्त.

डिसेंबर २०२४ च्या त्याच नियमात दहा रुपयांचं निदान एक व्हाउचर ठेवायचं बंधन आहे. ते मिळतं, त्यात टॉकटाइमही येतो, पण व्हॅलिडिटी येत नाही, त्यामुळे दहा रुपयांत नंबर एक दिवसही पुढे सरकत नाही.