चक्कर येऊन पडलात? ज्याने पाहिलं, त्याला सोबत आणा

आमच्या नौपाड्यातल्या दवाखान्यात विशी-पंचविशीतली मुलं येतात ती आईला आणि मेंदूच्या एमआरआयची फाइल घेऊन. मुलगा पडला ठाणे स्टेशनच्या पुलावर, आई तेव्हा घरी. "किती वेळ शुद्ध नव्हती?" असं विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात.

पडणाऱ्याला स्वतःचं पडणं आठवत नाही. म्हणून त्या वेळी जवळ असलेला मित्र, ऑफिसातली मैत्रीण, जो कोणी असेल त्याला आणा. येणं जमत नसेल तर फोनवर गाठून द्या. चेहरा पांढराफटक होता की काळानिळा? हातपाय किती वेळ झटकले? साध्या भोवळीतही काही सेकंद झटके येतात आणि तेवढ्यावर घरचे 'फिट आली' म्हणून मोकळे होतात. मिनिटभर चाललेले झटके, जिभेच्या कडेला चावा, उठल्यावर बराच वेळ काही न सुचणं, हे प्रकरण वेगळं, तिथे फिटचा संशय घ्यायचा. पाहणारा नसला की तुमची दुसरी फेरी जवळजवळ ठरलेलीच.

पहिल्या भेटीला अर्धा तास लागतो. बाहेर कुरकुर होते, ऐकू येते! पण पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी, मग उभं करून तीन मिनिटांपर्यंत पुन्हा, हे घाईत होत नाही. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० ने उतरलं तर कारण तिथेच हाती लागतं. ईसीजी सगळ्यांचा काढतो, त्याच फीमध्ये. होल्टर, म्हणजे अंगावर लावून दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, आमच्याकडे आहे, पण गरज असली तरच लावतो.

तरुणांमध्ये बहुतेकदा कारण साधं असतं: गर्दीत ताटकळणं, उपास, रक्त दिसणं, सुई. रक्तवाहिन्या सैलावतात, ठोके मंदावतात. डोळ्यांपुढे अंधारी आली की लाज न बाळगता तिथेच खाली बसा. लोकलमध्ये तेवढीही जागा नसेल तर पायाला पाय आवळून मुठी घट्ट दाबा. पडलेल्याला उचलून बसवू नका. आडवंच ठेवा, पाय वर करा. कांदा, चप्पल राहू द्या. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणीही नको. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर १०८ लावा.

धावताना किंवा आडवं असताना शुद्ध गेली, आधी छातीत धडधडलं किंवा दुखलं, घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर नंबर न लावता त्याच दिवशी या.

येताना जुना ईसीजी आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. आणि पोटात काहीतरी घालून या, ही उपाशीपोटी करायची तपासणी नाही.