प्रतिकारक्षमता, एचआयव्हीबाधित बालकांतील (खानदेश)

एचआयव्हीची लागण झालेल्या बालकांच्या प्रतिकार यंत्रणेची वाढ, ऱ्हास व उपचारांनंतरची भरपाई. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांपुरता विचार करताना कुपोषण आणि सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक रक्तविकार) या दोन बाबीही जमेस धराव्या लागतात.

लागण बहुधा गर्भावस्थेत, प्रसूतीवेळी वा स्तनपानातून होते. यंत्रणा तेव्हा घडतच असल्याने रक्तातील विषाणुभार प्रौढांसारखा लवकर उतरत नाही, काही वर्षे चढाच राहतो. आईची प्रतिपिंडे १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. म्हणून तान्ह्या बाळासाठी प्रतिपिंड चाचणी निर्णायक ठरत नाही, सहाव्या आठवड्यापासून पीसीआर (खुद्द विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करतात.

सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या प्रतिकारक पांढऱ्या पेशी) कशा मोजाव्यात याबद्दल एकमत नव्हते. निरोगी अर्भकात त्या प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त असतात व पाच-सहा वर्षांच्या सुमारास प्रौढ पातळीला येतात. १९९४ च्या अमेरिकी वर्गीकरणात तीव्र ऱ्हासाची सीमा पहिल्या वर्षात दर घनमिलिमीटरला ७५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ५०० आणि नंतर २०० अशी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी संख्येऐवजी लसीकापेशींतील सीडी-४ ची टक्केवारी पुढे केली; तीव्र ऱ्हासाची सीमा अशी : अकरा महिन्यांपर्यंत २५, तीन वर्षांच्या आत २०, त्यानंतर १५. टक्केवारीत चढउतार कमी, हे खरे; तरी २०१४ च्या सुधारित अमेरिकी वर्गीकरणाने संख्येलाच प्राधान्य दिले आणि तेच अधिक ग्राह्य दिसते. मात्र वय सोडून आकडा वाचला की घोटाळा होतो. ९०० पेशी सात वर्षांच्या मुलात समाधानकारक, सात महिन्यांच्या बाळात मध्यम ऱ्हासाच्या.

प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशीही बिघडतात : प्रतिपिंडे भरमसाट, पण नेमकी उपयोगी थोडी. त्यामुळे न्यूमोनिया, कानाचे संसर्ग वारंवार होतात व लसींचा प्रभाव ओसरतो. याउलट बालपणी यौवनलोपी ग्रंथी (थायमस) कार्यक्षम असल्याने एआरटी (विषाणुरोधक औषधोपचार) सुरू होताच नव्या टी-पेशी (सीडी-४ हा त्यांचाच प्रकार) प्रौढांपेक्षा चांगल्या भरून येतात. दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ चाचणीत (२००८) तत्काळ उपचारांनी अर्भकमृत्यू ७६ टक्क्यांनी घटले.

अक्राणी, अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांत कुपोषण जुने आहे. तीव्र कुपोषणात थायमस ग्रंथी आक्रसते. सिकलसेलमध्ये प्लीहेचे कार्य मंदावून न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूचा धोका वाढतो. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबांत एआरटीच्या गोळ्या खंडल्या की विषाणुभार पुन्हा चढतो.

भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून, बालकांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम २००६ पासून. २०१७ पासून सीडी-४ न पाहता सर्व बाधितांना औषधे देतात.