उडता शिकारी पक्षी आणि आमिषाचा वाद : पार्श्वभूमी

शिकारी पक्ष्यांच्या उडत्या फोटोंवरून दर हिवाळ्यात एकच वाद उकरून निघतो. पक्ष्यापुढे उंदीर सोडला होता की नव्हता? वाद नीतीचा म्हणून मांडला जात असला, तरी त्याचं मूळ कॅमेऱ्याच्या बाजारात आहे.

फिल्मच्या काळात शिकारी पक्ष्याचा फोटो म्हणजे बहुधा घरट्यावरचा फोटो. लपण बांधायचं, तासन्‌तास आत बसायचं आणि नर-मादी पिल्लांना भरवताना टिपायचे. शंभर आयएसओची, म्हणजे उजेडाला मंद स्लाइड फिल्म, एफ 5.6ची लेन्स आणि सकाळचं ऊन, एवढ्यात शटर जेमतेम 1/500 सेकंदाला पोचायचं. कापशी, म्हणजे छोटी पांढरी-राखाडी घार, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, तेव्हा भागायचं. बाकी सगळा नशिबाचा मामला. त्यात रोल 36 फ्रेमचा. 1985मध्ये बॉडीतच ऑटोफोकस असलेला मिनोल्टा कॅमेरा आला, 1993मध्ये कॅननची 400 एमएम एफ 5.6 आली. हातात धरून फिरवता येणारी ही लेन्स पुढे बरीच वर्षं उडता पक्षी टिपणाऱ्यांची लाडकी राहिली.

आपल्याकडे खरा बदल झाला तो 2009च्या कॅननच्या सेव्हन डी कॅमेऱ्यापासून. सेकंदाला आठ फ्रेम, 19 फोकस पॉइंट. इंदापूर-बारामतीच्या माळरानांवर हिवाळी पाहुणे म्हणून येणाऱ्या भोवत्यांचे, म्हणजे हॅरियरचे, धड फोटो तेव्हापासून दिसू लागले. तरीही सोपं नव्हतंच. भोवत्या कुसळीच्या गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर उचलून तरंगत येतो आणि काही कळायच्या आत गिरकी घेऊन गवतात पडतो. त्याचा चेहरा घुबडासारखा चपटा, लक्ष गवतातल्या खसफशीकडे, त्यामुळे मान कायम खाली. फोकस पक्ष्यावरून निसटतो आणि मागच्या कुसळांना चिकटतो. पांढुरक्या भोवत्याचा नर असेल तर कॅमेऱ्याचं मीटर तपकिरी गवताचा उजेड मोजतं आणि पक्षी पांढराफटक येतो, पिसं शोधूनही सापडत नाहीत. एक्स्पोजर आधीच उतरवून ठेवणारा माणूस त्या काळी गटात गुरू मानला जाई.

मग लेन्स स्वस्त झाल्या. 2013च्या अखेरीस टॅमरॉनने 150-600 एमएमची झूम लेन्स जाहीर केली, 2014मध्ये सिग्माने, 2015मध्ये निकॉनची 200-500 आली आणि 2016मध्ये निकॉनचाच सेकंदाला दहा फ्रेमचा डी 500 कॅमेरा. दोन-तीन वर्षांत पंख पसरलेला स्वच्छ पक्षी प्रत्येकाच्या कार्डात आला. आता उठून दिसायचं तर पक्षी समोरून यायला हवा, नजर कॅमेऱ्यात हवी, नख्या पुढे आलेल्या हव्यात. रानात हे क्वचित घडतं. हवं तिथे, हव्या उजेडात घडवायचं तर उंदीर लागतो. आमिषाचा वाद नेमका इथून तापला, हा काही योगायोग नाही.

आमिष कशाला म्हणायचं यावर मात्र अजून एकमत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960चा कायदा आहे. त्याच्या कलम 11मध्ये, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य होईल असं अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि व्याघ्र अभयारण्यात आमिष म्हणून जनावर बांधण्याचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे. माणूस सोडून कोणताही सजीव म्हणजे प्राणी, अशी या कायद्याची व्याख्या. म्हणजे उंदीरही आला. पण शेपटीला दोरा बांधलेला उंदीर ‘अडकवलेला’, मग मोकळा सोडलेला कसा धरायचा? स्पर्धेसाठी काढलेला फोटो ही करमणूक की कला? आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात एका माणसाची मिसळही येत नाही.

आमिषाची बाजू घेणारे रायगड जिल्ह्यातल्या फणसाड अभयारण्याचं उदाहरण पुढे करतात. तिथे गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकली जातातच की! ही तुलना मला पटत नाही. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपत आल्यावर त्या औषधाच्या जनावरांवरील वापरावर 2006मध्ये बंदी आली, आणि सुरक्षित मांस मिळावं म्हणून ही खाद्यकेंद्रं उभी राहिली. फोटो तिथे दुय्यम. जपानमध्ये राउसूच्या समुद्रात पर्यटकांच्या बोटींवरून समुद्री गरुडांना मासे फेकतात, ते उदाहरण जास्त जवळचं, पण तिथेही मासा मेलेला असतो. कचरा डेपोवर घिरट्या घालणाऱ्या घारींचे फोटो आपण सगळेच काढतो आणि कुणी त्याला आमिष म्हणत नाही, हेही खरं. तरी गाडी थांबली की उंदीर मिळतो हे एकदा शिकलेली कापशी रस्त्याकडेलाच बसू लागते, आणि त्याची किंमत फोटोवाला मोजत नाही, पक्षी मोजतो.

2020-21पासून मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपोआप पकडू लागले. काही कॅमेरे तर शटर दाबण्याआधीच्या फ्रेमही साठवतात. पूर्वी ‘इतका अचूक क्षण सापडलाच कसा?’ असा संशय घेता यायचा. आता तो प्रश्नच बाद झाला. पाळीव प्राण्यांच्या दुकानातला पांढरा उंदीर नख्यांत दिसला तरच चोरी उघड पडते. स्पर्धा रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल, मागतात, प्रतिज्ञापत्र घेतात, पण रॉ फाइलमध्ये चौकटीबाहेरचं काही दिसत नाही. इंदापूर-बारामतीकडच्या कडबनवाडी आणि शिर्सुफळला अलीकडे वनखात्याची गवताळ सफारी सुरू झाली. तिथे वाट ठरलेली आणि सोबत गावातला गाइड, त्यामुळे तिथे असे प्रकार करणं अवघड. भोवत्या आणि कापशी मात्र खासगी पडीक रानांत आणि रस्त्याकडेच्या माळांवरही फिरतात, आणि तिथे गाडी कुणी अडवत नाही.