तेल, ग्रंथ आणि विभक्ती : बडोद्यातील रशियनच्या वर्गाची पार्श्वभूमी

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत फ्रेंच आणि जर्मनबरोबर रशियन भाषेचाही विभाग आहे, हे बडोद्यात जन्म काढलेल्या अनेकांना ठाऊक नसते. ठाऊक झाले की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : बडोद्यात रशियन कशासाठी? फ्रेंच आणि जर्मन शिकण्यामागची कारणे लोकांना सहज सुचतात, रशियनची सुचत नाहीत. याचे उत्तर शोधायला मॉस्कोला जावे लागत नाही. शहराच्या वायव्येला कोयलीपर्यंत गेले, दक्षिणेला अंकलेश्वरपर्यंत गेले, आणि सयाजीरावांच्या काळापासून या शहराने परक्या विद्येला कसे घरात घेतले हे पाहिले, तर ते बरेचसे हाती लागते.

सुरुवात तेलापासून करणे योग्य होईल. स्वातंत्र्यानंतर भारतात खनिज तेल मिळण्याची आशा पाश्चात्त्य कंपन्यांनी फारशी दाखवली नव्हती, आणि जे तेल लागत होते ते त्यांच्याकडूनच विकत घ्यावे लागत होते. 1955 च्या हिवाळ्यात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात येऊन गेले आणि त्याच सुमारास, खनिज तेलाचे खाते सांभाळणारे केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने सोव्हिएत भूवैज्ञानिक भारतातील शोधकामाची आखणी करू लागले. 1956 साली तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला, 1959 साली त्याला कायदेशीर रूप मिळाले, 1958 साली खंभातजवळ लुणेज येथे आणि 1960 साली अंकलेश्वरला तेल लागले. हे तेल शुद्ध करण्यासाठी कारखाना हवा होता. त्यासाठी 1961 च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, 1963 च्या मे महिन्यात पंडित नेहरूंच्या हस्ते कोयलीला पायाभरणी झाली आणि 1965 च्या ऑक्टोबरात पहिला संच सुरू झाला. पुढच्या वर्षी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी तो राष्ट्राला अर्पण केला.

कारखाना म्हणजे नुसते पोलाद आणि नळ नव्हेत. यंत्राबरोबर त्याची माहितीपुस्तिका येते, नकाशे येतात, पंपावर आणि झडपेवर कोरलेली अक्षरे येतात आणि ते सगळे समजावून सांगणारा माणूस येतो. येथे ते सर्व रशियनमध्ये होते. परदेशी तंत्रज्ञ आणि येथील अभियंता एकाच टेबलाशी बसले, तरी मधे दुभाषा नसेल तर काम पुढे सरकत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यात आणि 1958 साली सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या मुंबईच्या पवई येथील तंत्रज्ञान संस्थेत हेच घडत होते. दिल्लीत 1965 साली रशियन अध्ययनाची स्वतंत्र संस्था निघाली आणि ती पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामावली गेली, तिच्यामागेही हीच निकड होती. त्या काळात रशियन शिकणारा तरुण टॉल्स्टॉयच्या ओढीने येत असे, तसाच नोकरीच्या खात्रीनेही येत असे, आणि यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पोटासाठी शिकलेली भाषाही माणसाला पुढे कुठे नेईल हे सांगता येत नाही.

तरीही तेल हे एकच कारण मानले, तर बडोद्यावर अन्याय होईल. येथे परक्या भाषेला जागा त्याआधीच मिळालेली होती. 1881 साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजात, ज्याच्या भव्य घुमटाखाली आज कला शाखा भरते, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शिकवणारे अध्यापक होते अरविंद घोष. आणि याच शहरात राहून त्यांनी स्वतः मराठी, गुजराती आणि बंगाली आत्मसात केली. राजघराणे मराठी, प्रजा मुख्यतः गुजराती, दफ्तरात दोन्ही, महाविद्यालयात इंग्रजी आणि प्राच्यविद्या मंदिरात संस्कृत हस्तलिखिते अशी या गावाची रचना होती. दांडिया बाजारातला मराठी मुलगा शाळेत जाईपर्यंत दोन भाषांत भांडायला शिकलेला असे, आणि आजही असतो. 1949 साली विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ही सवय त्याला वारशाने मिळाली.

रशियाशी असलेला विद्येचा धागाही येथूनच गेलेला दिसतो, आणि त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते. पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी यांना सयाजीरावांनी दरमहा 50 रुपये देऊ केले. त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक ग्रंथ लिहावा, एवढीच अट होती. लंका आणि ब्रह्मदेशात भिक्षू होऊन शिकलेल्या या माणसाला आपल्या भाषेत लिहिण्यासाठी हा आधार मिळाला आणि मराठी वाचकाला बुद्ध मराठीतून भेटू लागला. हेच कोसंबी पुढे रशियन शिकले आणि 1929 साली लेनिनग्राडला, म्हणजे पूर्वीच्या आणि आजच्या सेंट पीटर्सबर्गला, गेले. तेथे फ्योदोर श्चेरबात्स्कॉय यांनी बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था उभारली होती. संस्कृत आणि तिबेटी ग्रंथ कोळून प्यालेल्या त्या रशियन पंडिताच्या शहरात एका मराठी माणसाने पाली शिकवावी, ही घटना मला कोणत्याही सरकारी मैत्रीकरारापेक्षा मोठी वाटते. त्या शहराचे नाव संस्कृतच्या अभ्यासकांना पूर्वीपासून परिचित होते, कारण बोथलिंक आणि रोथ यांचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन महाकोश 1855 ते 1875 या काळात तेथील विज्ञान अकादमीने छापला होता आणि संस्कृतचे जगभरातले अभ्यासक त्याला ‘पीटर्सबर्ग कोश’ या नावानेच ओळखतात.

त्याही मागे गेले तर अफानासी निकितिन भेटतो. त्वेर शहराचा हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे वास्को द गामाच्या कितीतरी आधी, व्होल्गा नदीने निघून इराणमार्गे होर्मुझला आला आणि तेथून एक घोडा विकायला घेऊन समुद्रमार्गे भारताकडे निघाला. वाटेतल्या बंदरांत त्याने खंभातची नोंद केली आहे, आणि तेथे नीळ व लाख होते असे लिहून ठेवले आहे. चौलला उतरून तो जुन्नरला गेला. पावसाळा त्याने तेथे काढला, तेथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावला, धर्म बदलण्याची धमकी दिली आणि शेवटी घोडा परत केला. पुढे तो बीदरला गेला. त्याच्या वहीत रशियन मजकुरात मधेच फारसी आणि तुर्की शब्द घुसतात, आणि आपल्या सणांच्या तारखा विसरल्याचे दुःखही तो लिहितो. परक्या मुलखात स्वतःची पंचांगे हरवलेल्या माणसाची ही वही मराठी मुलखाच्या इतिहासाचे एक साधन ठरली. गुजरातचे व्यापारी उलट दिशेने गेले ते पुढे, सतराव्या शतकात. व्होल्गाच्या मुखाशी असलेल्या अस्त्राखानमध्ये भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती होती, आणि त्या जुन्या संबंधाच्या आठवणीने गुजरात आणि अस्त्राखान प्रांत यांच्यात 2001 साली सहकार्याचा करारही झाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी घराघरांत रशिया पोहोचला तो मात्र पुस्तकांतून. मॉस्कोच्या प्रगती, मीर आणि रादुगा या प्रकाशनसंस्था भारतीय भाषांमधून पुस्तके छापत होत्या, आणि मराठीतली पुस्तके मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामार्फत येत असत. गुळगुळीत कागद, पक्की बांधणी, पानभर रंगीत चित्रे आणि किंमत इतकी कमी की खाऊच्या पैशात पुस्तक यावे. मीरची गणित आणि भौतिकशास्त्राची पुस्तके अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. ज्यांच्या घरात ही पुस्तके होती, त्यांना बर्च झाड, समोवार आणि बर्फातली घसरगाडी ही नावे भाषा न शिकताच परिचयाची झाली होती. 1991 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला, पुस्तके थांबली, दुभाष्यांची मागणी ओसरली आणि रशियनचा अभ्यास ज्या आधारावर उभा होता तो एका हिवाळ्यात निघून गेला.

त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे थोडक्यात सांगता येतील. अणुऊर्जा, संरक्षण आणि तेल या क्षेत्रांत दोन्ही देशांचा व्यवहार चालू राहिला. रशियन साहाय्याने उभारलेल्या कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाचा पहिला संच 2014 च्या अखेरीस व्यावसायिक उत्पादनात आला, आणि 2017 साली गुजरातेतल्याच वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात रोसनेफ्ट ही रशियन कंपनी भागीदार झाली. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला जाणाऱ्या मुलामुलींची मात्र एक नवी वाट तयार झाली. त्यांचा अभ्यास इंग्रजीतून होतो, पण रुग्णालयातल्या खाटेवरची आजीबाई आपले दुखणे रशियनमध्येच सांगते, आणि तिचे ऐकून घ्यायला वर्षभराची तयारी लागते.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू, कारण खरे नवल तेथे आहे. प्रारंभिक अभ्यासक्रमातला पहिला अडसर लिपीचा असतो. रशियन लिपीत 33 अक्षरे आहेत : 10 स्वर, 21 व्यंजने आणि स्वतःचा उच्चार नसलेली 2 चिन्हे. त्यांतली काही रोमन अक्षरांसारखी दिसतात आणि फसवतात. रोमन ‘पी’सारखे दिसणारे अक्षर म्हणजे ‘र’, ‘एच’सारखे दिसणारे ‘न’, ‘सी’सारखे ‘स’ आणि ‘बी’सारखे ‘व’. हा घोळ आठवडा-दोन आठवड्यांत मिटतो. मराठी विद्यार्थ्याला येथे एक फायदाही आहे. आपण ‘चाक’ आणि ‘चार’ या शब्दांतला ‘च’ वेगवेगळा उच्चारतो, पण दोन्हींसाठी एकच अक्षर लिहितो. रशियनमध्ये या दोन उच्चारांना दोन वेगळी अक्षरे आहेत, आणि ज्यांच्या बोलण्यात ‘चाक’मधला ‘च’ नाही त्यांना तो घटवावा लागतो.

खरी जवळीक व्याकरणात आहे. रशियनला तीन लिंगे आहेत, मराठी आणि गुजरातीलाही तीनच आहेत. हिंदीत दोन उरली आणि इंग्रजीत नामांचे लिंग जवळजवळ गेलेच. रशियन भूतकाळाचे क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते आणि त्यात ‘ल’ येतो : पुल्लिंगी ‘ब्यिल’ (म्हणजे होता), स्त्रीलिंगी ‘ब्यिला’, नपुंसकलिंगी ‘ब्यिलो’. ‘गेला, गेली, गेले’ म्हणत वाढलेल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन्ही ‘ल’ एका मुळाचे नाहीत, पण दोन्ही रूपे मुळात धातुसाधित विशेषणे होती, म्हणूनच ती विशेषणासारखी लिंगाप्रमाणे बदलतात. चूक होते ती एका ठिकाणी : आपला ‘आ’कारान्त पुल्लिंगी, त्यांचा ‘आ’कारान्त स्त्रीलिंगी, आणि त्यामुळे पहिले काही दिवस वर्गातले सगळे मुलगे ‘गेली’ होतात.

विभक्ती सहा आहेत, आणि इंग्रजी माध्यमातून आलेला विद्यार्थी त्यांनाच सर्वांत जास्त घाबरतो. पाठ्यपुस्तक इंग्रजीतून असेल, तर प्रत्येक विभक्ती इंग्रजी शब्दयोगींचा वळसा घालून समजावली जाते. शाळेत संस्कृत घेतलेल्या मुलाला तृतीया म्हटले की पुरे. सप्तमीचे उदाहरण तर डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. ‘दोम’ म्हणजे घर आणि ‘व दोम्ये’ म्हणजे घरात. वैदिक संस्कृतात घराला ‘दम’ म्हणतात आणि त्याची सप्तमी ‘दमे’ होते. शब्द एका मुळाचा आहे आणि त्याच्या शेवटी आलेला ‘ए’सुद्धा एकाच मुळाचा आहे. प्रत्येक क्रियापदाची अपूर्ण आणि पूर्ण अशी जोडी पाठ करावी लागते, तीही ‘वाचले’ आणि ‘वाचून काढले’ यांतला फरक रोज करणाऱ्याला परकी वाटू नये.

नातेवाचक शब्दांचा धडा माझ्या लेखी सगळ्या अभ्यासक्रमातला सर्वांत सुंदर धडा आहे. सुनेला ‘स्नखा’ म्हणतात, संस्कृतात ‘स्नुषा’. नवऱ्याचा भाऊ ‘द्येव्हेर’, संस्कृतात ‘देवर’, आपला दीर. नवऱ्याचा बाप ‘स्व्योकर’, संस्कृतात ‘श्वशुर’, आपला सासरा. बोलीत आज ‘स्नखा’पेक्षा दुसरा शब्द अधिक चालतो, पण हा जुना शब्द कोशात आणि खेड्यात जिवंत आहे. फळ्यावर हे तीन शब्द तीन रकान्यांत लिहिले, की मागच्या बाकावरची मुलगीही वहीत उतरवून घेते, कारण सासरचे घर असे हजारो कोसांवर ओळखीचे निघेल अशी तिने कल्पना केलेली नसते.

आणि नावांची गोष्ट. रशियन माणसाचे पूर्ण नाव स्वतःचे नाव, वडिलांच्या नावावरून केलेले पितृनाम आणि आडनाव अशा तीन भागांचे असते. महाराष्ट्रात आणि गुजरातेत हजेरीपटावर नेमके हेच लिहिले जाते. वडील विनायक असतील तर मुलगा ‘विनायकोविच’ आणि मुलगी ‘विनायकोव्ना’. फरक दोन आहेत. रशियन स्त्रीचे पितृनाम लग्नानंतर बदलत नाही, ती जन्मभर आपल्या वडिलांचीच राहते. दुसरे म्हणजे वडीलधाऱ्यांना किंवा शिक्षकांना हाक मारताना नाव आणि पितृनाम दोन्ही घ्यायचे असतात. जोडीला ‘त्यि’ म्हणजे तू आणि ‘व्यि’ म्हणजे तुम्ही हा भेद आहेच, आणि तेथेही आदरार्थी रूप अनेकवचनाचेच आहे.

रशियनच्या प्रमाणित परीक्षांमध्ये सर्वांत खालच्या पातळीसाठी सुमारे 780 शब्दांचा साठा धरलेला असतो. एवढ्या शब्दांत स्वतःची ओळख करून देता येते, स्टेशनवर तिकीट काढता येते, चहा मागता येतो, आणि चहाला तेथे ‘चाय’च म्हणतात. पहिल्या तासाला मात्र यातले काहीच लागत नाही. शिक्षक हजेरी घेतात, प्रत्येकाने उठून आपले नाव वडिलांच्या नावासकट रशियन पद्धतीने सांगायचे असते, आणि जोशी, पटेल, शिंदे, परीख अशी सगळी मुले एकेक करून उभी राहतात.