कंट्रोल-सी की कंट्रोल-म?

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, प्रोग्राम फेऱ्यात अडकला, ओळी धो धो वाहायला लागल्या, की तो थांबवायला हात आपसूक कंट्रोल-सीकडे जातो. पण कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्ट मांडणीवर असेल, तर त्या बटणावर 'म' असतो. मग आपण दाबलं ते काय?

बटणाला आपलं अक्षर ठाऊकच नसतं. ते फक्त जागेचा क्रमांक कळवतं. लिनक्समध्ये या बटणाचा ४६. त्याचं अक्षर लेआउटचा, म्हणजे मांडणीचा, तक्ता ठरवतो. ड्वोरॅक या वेगळ्या रोमन लेआउटमध्ये सी नेहमीच्या क्वर्टीतल्या 'आय'च्या जागी जाऊन बसतो आणि कंट्रोल-सीही त्याच्यामागोमाग तिकडे जातं. ॲस्की या अक्षरांना अंक देणाऱ्या तक्त्यात कॅपिटल सी म्हणजे ६७. कंट्रोलमुळे त्यातले ६४ गळतात, उरतात ३. हा ३ आला की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो मधल्यामधे गिळतो आणि समोर चाललेल्या प्रोग्रामला 'सिगइंट' हा थांबण्याचा सिग्नल धाडतो. बटण कुठलं होतं, याचा प्रोग्रामला पत्ताही नसतो.

'म'चा युनिकोड अंक २३५०. त्यातून ३ कसा काढणार? म्हणून लिनक्सच्या ग्राफिकल टर्मिनलखाली कीबोर्ड सांभाळणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, उसनवारी करते. कंट्रोल दाबलाय आणि अक्षर रोमन नाही, असं दिसलं की तुम्ही लावलेल्या बाकीच्या लेआउटमध्ये त्याच बटणावर रोमन अक्षर आहे का, ते ती बघते. इंग्रजी असेल तर सी मिळतो. अभिमानाने मराठी एकटंच ठेवलंत, तर उसनं द्यायला घरात कोणीच नाही, आणि ओळी वाहतच राहतात!

रोमनवाल्यांचीही कसरत होतेच. कंट्रोल-सीला न जुमानणाऱ्या प्रोग्रामसाठी कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ (\) असते: ९२ वजा ६४, म्हणजे २८, आणि त्यातून 'सिगक्विट' हा दुसरा सिग्नल. जर्मन कीबोर्डवर ही रेघ शून्याशेजारच्या बटणावर, तीही ऑल्टजीआर हे बटण दाबून. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये मात्र कंट्रोल-४ दाबलं तरी तोच २८ जातो. ही पळवाट फार थोड्यांना माहीत असते.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याने बटणांवर पाळत ठेवू नये, सिग्नल पकडावा. तोही पकडल्यावर तिथेच फायली बंद करत बसू नये. एक खूण करून ठेवावी आणि आवराआवर मुख्य फेऱ्यावर सोपवावी. पूर्ण पडदा व्यापणारे एडिटर ३ चा सिग्नल करण्याची ही सोय बऱ्याचदा बंद करतात. मग ३ थेट त्यांच्याच हातात पडतो आणि त्याचं काय करायचं ते त्यांचं ते बघतात.

आणि ३ हा आकडाही काही दगडावरची रेघ नव्हे. जुन्या युनिक्सवर हे काम डिलीट, म्हणजे १२७, करत असे. 'एसटीटीवाय' ही आज्ञा देऊन तुम्ही आजही ते दुसऱ्या बटणाकडे सोपवू शकता.