मैत्रीचा बाक

झिंबाब्वेमध्ये रूढ झालेली सामुदायिक मानसोपचाराची एक पद्धत. हरारे येथील मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली शहरातील म्बारे या दाट वस्तीत १४ वयस्क आरोग्यसेविकांना घेऊन ती सुरू केली. दवाखान्यात खोली मिळेना, म्हणून अंगणात लाकडी बाक टाकला गेला. त्यावर दुःखी माणसाशेजारी ‘अम्बुया उतानो’ (आरोग्य-आजी) बसते. शाळांमधून एकट्या पडलेल्या मुलांसाठी ठेवतात तो बाक वेगळा.

पार्श्वभूमी २००५ मधील ‘मुराम्बात्स्विना’ या सरकारी पाडकाम-मोहिमेची. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार तीत सुमारे सात लाख लोकांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेले. आपल्या एका रुग्णाच्या आत्महत्येचाही उल्लेख चिबांडा करतात. तिला रुग्णालयात आणायला आईजवळ बसभाडे नव्हते.

नावाबद्दल थोडा घोळ आहे. आरंभीचे नाव ‘मानसिक आरोग्याचा बाक’ असे होते. त्यावर कोणी बसेना, तेव्हा आज्यांनीच ते बदलायला लावले, असे चिबांडा सांगतात. तिथल्या शोना भाषेतील नाव मात्र ‘चिगारो चेकुपानामझानो’, म्हणजे एकमेकांना विचार देण्याघेण्याचे आसन. मैत्रीला शोनात ‘हुशाम्वारी’ म्हणतात आणि तो शब्द या नावात नाही. मराठी नाव ‘फ्रेंडशिप बेंच’ या इंग्रजी नावावरून आले आहे. ‘सल्लामसलतीचा बाक’ हे मुळाला अधिक धरून झाले असते.

याहून अवघड शब्द ‘कुफुंगिसिसा’. शब्दशः अतिविचार, आपल्याकडे डोक्यात भुंगा लागणे म्हणतात, त्याच्या जवळचा. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हरारेत या कल्पनेचा अभ्यास केला. त्यातून १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली १४ प्रश्नांची ‘शोना लक्षण-प्रश्नावली’ तयार झाली. झोप लागते का, क्षुल्लक गोष्टींवरून राग येतो का, कामे मागे पडतात का, असे गेल्या आठवड्याविषयीचे ते प्रश्न आहेत. (पटेल हे गोव्यातील ‘संगत’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे एक संस्थापक.) कुफुंगिसिसा म्हणजे नैराश्यच, असे काहीजण सरसकट धरतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) ती दुःख सांगण्याची रीत आणि त्या दुःखाचे लोकांनी लावलेले कारण, अशा दोन्ही अंगांनी नोंदली आहे. हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उपचाराचे तीन टप्पे : ‘कुव्हुरा प्फुंग्वा’ (मन उघडणे), ‘कुसिमुद्झिरा’ (वर उचलणे) आणि ‘कुसिम्बिसा’ (बळ देणे). भेटी साधारणतः सहापर्यंत. भाडे थकले, नवरा मारतो, औषधे संपली, अशा गाऱ्हाण्यांतून एकच निवडायचे. ते येणाऱ्याने निवडायचे, आजीने नव्हे. नंतर ‘कुबाताना तोसे’ (सगळे हातात हात धरून) या गटात बायका टाकाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या विणत बोलत बसतात.

हरारेतील २४ दवाखान्यांमधील ५७३ रुग्णांवरील चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर प्रश्नावलीचे सरासरी गुण बाकावर आलेल्या गटात ३.८१, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ८.९० होते (गुण जितके कमी, तितका त्रास कमी). मात्र पद्धतशीर समस्या-निवारणाचा वाटा किती आणि नुसत्या सोबतीचा किती, हे त्या चाचणीतून वेगळे काढता येत नाही.

मलावी, झांझिबार व न्यूयॉर्क येथे ही पद्धत नेण्यात आली. २०२२ च्या कतारमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत सहभागी संघांच्या संख्येइतके, म्हणजे ३२ बाक मांडले होते.