पिशवी गळतेय? आधी प्लेटचं भोक मोजा

“पिशवी गळते, बदलून द्या.” स्टोमा म्हणजे ऑपरेशन करून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड. त्यावर लावायच्या पिशव्या नेणाऱ्यांची ही तक्रार आमच्या दुकानात सतत येते. तपासली तर पिशवी बहुधा चांगलीच निघते. चुकलेलं असतं ते प्लेटला, म्हणजे पोटावर चिकटवायच्या चकतीला, कापलेलं भोक.

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढच्या सहा-आठ आठवड्यांत तो बराच आकसतो. पण हॉस्पिटलात सिस्टरांनी दिलेलं पहिलं माप घरी जपून ठेवलेलं असतं आणि तीन महिन्यांनीही प्लेट त्याच मापाने कापली जाते. मग भोवतालची कातडी उघडी पडते. इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, असेल तर हे फारच त्रासाचं. लहान आतड्यात अन्न पचतं, त्यामुळे तिथून येणाऱ्या पातळ मलात पाचकरस असतात आणि ते कातडीही सोलून काढतात. पाणी शोषून मल घट्ट करणारं मोठं आतडं त्याच्या वाटेत येतच नाही. डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या स्टोमात, मल बराचसा घट्ट असतो, तिथे आग कमी होते.

आग झाली की आपल्याकडे हात खोबरेलाकडे जातो. कृपया तेल लावू नका. तेलकट कातडीवर कुठलीही प्लेट धरत नाही, आमची सर्वांत महागडीसुद्धा. साध्या कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, ओलसर सोललेल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरवून जादाची झटका. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवा. प्लेट सकाळी चहाच्या आधी बदलावी, तेव्हा आतडं शांत असतं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. वजनानेही प्लेट सुटते.

खोक्यावरचा 57 किंवा 70 हा आकडा पिशवी अडकवायच्या कडीचा, भोकाचा नव्हे. नुसतं “57ची द्या” म्हणालात तर इलिओस्टॉमीला बंद तळाची, खालून रिकामी न होणारी पिशवी जायची. म्हणून आम्ही डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागतो. काहींना ही चौकशी खटकते. ऑनलाइन कोणी विचारत नाही हे खरं, पण फोडलेलं खोकं तिथे काय नि इथे काय, परत घेता येत नाही.

पुसताना किंचित रक्त दिसलं तर घाबरू नका. स्टोमा काळा-जांभळा पडला, तर मात्र आम्हाला फोन करण्यात वेळ न घालवता थेट सर्जनकडे जा.

मोजायचं कार्ड दुकानात मोफत मिळतं. पेशंटला आणायची गरज नाही, घरातलं कोणीही या. कापायचं कसं तेही दाखवू.